दुःखाच्या घरी जाताना



गेल्या काही महिन्यांत आपल्या मंडळीतल्या बऱ्याच घरांवर दुःखाचे प्रसंग आले. दफनविधी आटोपून आपण फाटकाबाहेर पडतो, तेव्हा कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतं, "टीचर, उद्या त्यांच्या घरी जायचंय, पण तिथं बोलायचं काय?" तरुण मुलं तर सरळच सांगतात, "आम्हाला बोलायला जमत नाही, म्हणून आम्ही जातच नाही." मी काही पाळक नाही. शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण वीस-बावीस वर्षं स्त्रीसमाजाबरोबर अशा घरी प्रार्थनेला जाते आहे. त्यात चार गोष्टी शिकले, त्या बहुतेक चुका करूनच शिकले. त्यातली एक चूक आज या पानावर कबूल करायची आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्यातल्याच एका तरुण आईचा सहा वर्षांचा मुलगा डेंग्यूनं गेला. चार दिवसांत सगळं संपलं. तिसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहा जणी प्रार्थनेला गेलो. गाणी झाली, शास्त्रवाचन झालं. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत पाणी नव्हतं. मला ते बघवेना. काहीतरी बोलायला हवं असं वाटलं, म्हणून तिचा हात धरून मी म्हणाले, "रडू नकोस गं. देवाला चांगली फुलंच आधी आवडतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "टीचर, मग त्याला माझीच बाग सापडली का?" हात सोडवून घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पुढं बरेच महिने ती चर्चला आली नाही. मला तिच्या घरी जायचा धीर झाला नाही. रस्त्यात दिसली तर मी दुसऱ्या बाजूनं जायचे. तोंड कसं दाखवू?

ईयोबाचे मित्र कुठं चुकले?

त्या रात्री घरी आल्यावर मी ईयोबाचं पुस्तक उघडलं. आपण ईयोबाच्या तीन मित्रांना नावं ठेवतो, पण सुरुवातीला त्यांनी काय केलं ते विसरतो. ते लांबून आले. त्याची दशा पाहून मोठ्यानं रडले, आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोललं नाही. त्या सात दिवसांत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तोंड उघडून ते देवाचा हिशेब समजावून सांगू लागले तिथं घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो रडणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबावर नाही, या समजावणाऱ्यांवर.

दुसरी जागा योहानाच्या अकराव्या अध्यायातली, बेथानीच्या घरातली. लाजर जाऊन चार दिवस झालेत आणि प्रभू उशिरा पोचतो. मार्था वाटेतच गाठून त्याला म्हणते की तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया येते आणि अगदी तेच म्हणते. दोघींची तक्रार एकच, पण प्रभूचं वागणं दोघींशी वेगळं आहे. मार्थेशी तो बोलतो, तिला पुनरुत्थानाबद्दल सांगतो, कारण तिला बोलायचं होतं, विचारायचं होतं. मरीया पायाशी पडून रडते, तेव्हा तो तिला काही शिकवत बसत नाही. तो स्वतः रडतो. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडतो.

म्हणजे सगळ्यांना एकच औषध चालत नाही. एका घरात वचन वाचलेलं हवं असतं, दुसऱ्या घरात नुसतं जवळ बसलेलं. एकाच घरातही बापाला एक हवं असतं, आईला दुसरं. हे ओळखायचं तर आधी गप्प बसून ऐकावं लागतं. मी त्या आईकडे गेले तेव्हा माझं वाक्य घरूनच तयार करून नेलं होतं.

"देवाची इच्छा" म्हणण्याआधी

आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य म्हणजे "देवाची इच्छा". ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं ते म्हटलं तर त्याला आपण मान द्यावा. पण पाहुण्यानं म्हणू नये, असं मला आता वाटतं.

३० मार्च २०२३ चा दिवस आपण इंदूरकर विसरणार नाही. रामनवमी होती. बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात लोक पूजेला जमले होते. जुन्या बावडीवर टाकलेलं छत खचलं आणि ३६ माणसं गेली. पूजा करता करता गेली. त्यांच्या घरच्यांना "देवाची इच्छा" म्हणून कोणी सांगू शकेल का? बावडीवर छत कोणी टाकलं, धोका कोणी पाहिला नाही, हे माणसांना विचारायचे प्रश्न आहेत. ते देवाच्या अंगावर टाकून मोकळं होता येत नाही.

लूकाच्या तेराव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती काही जास्त पापी होती का, असा प्रश्न प्रभूनं स्वतःच काढला आणि नाही म्हणून सांगितलं. मेलेल्यांच्या माथी त्यानं काही मारलं नाही. उलट ऐकणाऱ्यांनाच सांगितलं की आपापल्या जिवाकडे पाहा, पश्चात्ताप करा. एवढी नम्रता आपल्याला यायला हवी. "त्यांच्या घरात प्रार्थना कमी होती", "अमुक नवस फेडला नाही", "वेळेवर मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं होतं" अशी वाक्यं मी दुःखाच्या घरी कानांनी ऐकली आहेत. बोलणारा चहा पिऊन जातो. ऐकणारी आई तेच वाक्य घेऊन रात्रभर जागी असते.

आणखी एक. "विश्वासी माणसानं रडू नये" असं सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पत्राचा आधार देतात. तो भाग नीट वाचा. पौल दुःख करू नका म्हणून थांबत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं करू नका, असं म्हणतो. आशा आहे म्हणून डोळ्यांतलं पाणी आटलंच पाहिजे असं नाही. रोमकरांच्या पत्रात तर तोच पौल रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतो.

माझ्या दारी

एप्रिल २०२१ मध्ये आमचे हे गेले. ते दिवस कसे होते ते वेगळं सांगायला नको. दफनाला आम्ही चौघं, पाळक धरून. पाळकांनी लांबूनच विधी वाचला. मूठभर माती टाकायची ती किट घातलेल्या माणसांनी टाकली. ना गाणी, ना प्रार्थनासभा, ना गळ्यात पडून रडायला कोणी. मुलगा पुण्यात अडकलेला. घरी आले तर दाराच्या पायरीवर झाकलेली कढई होती. शेजारच्या वहिनींनी पिठलं-भात ठेवला होता. त्यांच्यात दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पाठवतात. आमच्यात तशी रीत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण मी काही शिजवणार नाही हेही ठाऊक होतं. नऊ-दहा दिवस कढई येत राहिली. त्या फाटकाबाहेर उभ्या राहून नुसत्या पाहायच्या आणि मी दार उघडून कढई आत घेतली की जायच्या. माझ्यासाठी देवानं पाठवलेलं पहिलं सांत्वन ते होतं, पिठलं-भाताचं.

दुसरं रात्री नऊला यायचं. फोन वाजायचा. ती होती, ज्या आईला मी फुलांचं वाक्य ऐकवलं होतं तीच. पहिल्या दिवशी म्हणाली, "टीचर, जेवलात का?" मी हो म्हटलं. "बरं. उद्या करते." झालं, एवढंच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. दहा-बारा दिवसांनी एके रात्री मला रडू आवरेना. ती तिकडे फोन धरून गप्प बसून राहिली. किती वेळ, मला माहीत नाही. मग म्हणाली, "उद्या करते." असे तीन महिने फोन आले.

निर्बंध उठल्यावर मी तिच्या घरी गेले आणि त्या वाक्याची माफी मागितली. म्हणाली, "राग आला होता टीचर, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही त्यानंतर पुन्हा आलाच नाहीत, त्याचा जास्त आला. तुम्ही आला असतात तर मी भांडले असते, मग रडले असते. मला कोणाशी तरी भांडायचं होतं."

मला वाटत होतं की माझी चूक त्या एका वाक्यात होती. तिच्या लेखी ती दुसरीकडेच होती. चुकीचं बोललेलं माणूस परत येऊन बसलं तर निभावतं. चांगलं बोलून कायमचं गेलेलं माणूस निभावत नाही.

सगळे गेल्यावर

आपल्या शहरात पेपरमध्ये उठावन्याची बातमी छापून येते: अमुक दिवशी, चार ते पाच. त्या तासाभरात शे-दीडशे माणसं हात जोडून जातात. मराठी घरांत तेराव्यापर्यंत वर्दळ असते. आपल्यात तिसऱ्या दिवशी प्रार्थना होते, पुष्कळ घरांत चाळिसाव्या दिवशी स्मरणभक्ती. रीती चांगल्याच आहेत. त्या आधार देतात, त्या टाकू नयेत. पण त्या संपल्या की घर एकदम रिकामं होतं, आणि खरं दुःख तेव्हा दार लावून बसतं. म्हणून तरुण मुलांना माझं सांगणं आहे की पहिल्या तीन दिवसांत गर्दीत एकदा जाऊन या, पण खरं जायचं ते दीड-दोन महिन्यांनी. बोलता येत नाही ना? मग काम करा. महापालिकेतून मृत्यूचा दाखला आणायचा असतो, त्याच्या प्रती काढायच्या असतात. बँकेत नाव बदलायचं असतं. पेन्शनचा अर्ज, गॅसचं पुस्तक, विजेचं बिल. साठी-सत्तरीच्या बाईला हे सगळं पहिल्यांदाच करावं लागतं. तिच्याबरोबर बँकेच्या रांगेत उभं राहणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. आपल्याला वाटतं, नाव काढलं तर त्यांना आठवण होईल. अहो, त्यांना विसर पडलाय कुठं? प्रेषितांच्या कृत्यांत यापोची दुर्कस वारते, तेव्हा माडीवर जमलेल्या विधवा पेत्राला काय दाखवतात? तिनं त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं. रडत रडत एकेक कपडा दाखवतात. पेत्र त्यांना थांबवत नाही. आमच्या ह्यांचा एक जुना विद्यार्थी वर्षभरानं आला आणि सरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं ती गोष्ट हसत हसत सांगून गेला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

गेलेल्याचं अर्धवट राहिलेलं काम हातात घेणं हाही एक आधार असतो. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे दहा-अकरा अध्यायच झाले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. प्रत्येकाला महाकाव्य पुरं करायचं नसतं. आमच्या ह्यांचा कढीपत्ता मी जगवला, एवढंच. पण सकाळी उठायला ते कारण पुरलं.

शेजाऱ्याच्या घरी

आपण हिंदू, मुसलमान, शीख, जैन शेजाऱ्यांत राहतो. त्यांच्या घरी दुःख झालं तर जायचंच. तिथं त्यांची रीत पाळायची. चप्पल बाहेर काढायची, ते सांगतील तिथं बसायचं. प्रार्थना करावीशी वाटली तर आधी विचारावं: "मी माझ्या पद्धतीनं दोन मिनिटं प्रार्थना केली तर चालेल का?" हो म्हणाले तर थोडक्यात करावी, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन करावी. नको म्हणाले किंवा गप्प राहिले तर मनात करावी, देवाला तीही ऐकू येते. दुःखाचं घर ही धर्म समजावून सांगायची जागा नव्हे. कायदा काय म्हणतो तो विषय वेगळा. पडलेल्या माणसाला हात देताना त्याच्या खिशात आपलं पत्रक सरकवू नये, एवढी साधी माणुसकी आहे ही. वहिनींनी मला पिठलं-भात देताना काही समजावलं नव्हतं.

उदयनगरची वाट

शेवटी आपल्याच धर्मप्रांतातली एक गोष्ट. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवायचं काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, भर दिवसा, त्यांना भोसकून मारलं. मारणाऱ्या समंदर सिंहला जन्मठेप झाली. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या केल्या. २००६ मध्ये तो सुटला, आणि २००७ मध्ये केरळला जाऊन त्यानं आईवडिलांची क्षमा मागितली. आईनं त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इथं इंदूरात राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आलं.

ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, पण घाईनं सांगतो. तारखा पाहा. राखीपर्यंत सात वर्षं गेली, आईच्या भेटीपर्यंत बारा. मधल्या काळात भगव्या वस्त्रांत राहणारे कॅथलिक धर्मगुरू स्वामी सदानंद तुरुंगात त्या माणसाला भेटत राहिले, त्यानंतर बहिणीची भेट झाली. त्या घरच्यांनी जे केलं ते त्यांनी स्वतःहून केलं, त्यांच्या वेळेला. म्हणून अपघातात, भांडणात किंवा हलगर्जीपणानं ज्यांचं माणूस गेलं, त्यांना तिसऱ्या दिवशी जाऊन "क्षमा करून टाका" असं सांगू नका. राणी मारियांच्या आईचं उदाहरण तर त्यांच्या तोंडावर मुळीच फेकू नका. क्षमा मागायचा हक्क गुन्हेगाराला आहे, द्यायची की नाही ते ज्याचं गेलं त्याच्या आणि देवाच्या मधलं आहे. आपलं काम तेवढी वर्षं त्या वाटेवर त्यांच्याबरोबर चालायचं. त्यांना राग येईल, ते देवाशीही भांडतील. ईयोब भांडला, देवानं त्याला आपलाच म्हटलं.

तर टीचर काय बोलू, याचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. "मला वाईट वाटतंय" म्हणा, आणि बसा. पाणी लागतं का विचारा. ते बोलले तर ऐका, वचन वाचा म्हणाले तर वाचा. उठताना प्रार्थना करा, छोटी. आणि निघताना पुन्हा कधी येणार तो दिवस सांगा. सांगितलेल्या दिवशी जा.

त्या आईकडे मी आता दर महिन्याला जाते. तिच्या मुलाचा वाढदिवस जुलैत असतो. यंदा तो एकोणीस वर्षांचा झाला असता, असं तीच म्हणाली. आम्ही दोघींनी मोजलं. मग तिनं चहा टाकला.

या आठवड्यात, ज्या घरी जायचं तुम्ही टाळताय, तिथं जाऊन या.

आपली एक बहीण,
इंदूर